दाताच्या दवाखान्यात नवीन लागलात? भरायच्या मटेरियलशी आधी ओळख करून घ्या

पुण्यात दाताच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागणाऱ्या बऱ्याच मुली माझ्यासारख्याच असतात: बारावी झालेल्या, कुठलाही कोर्स न केलेल्या. पहिल्या दिवशी डॉक्टर कपाट उघडून दाखवतात, "हळूहळू कळेल सगळं" म्हणतात, आणि तेवढ्यात पेशंट येऊन खुर्चीत बसतो. मग "जीआयसी कालव, टाइप टू" असं ऐकू येतं आणि समोर एकसारख्या दिसणाऱ्या पाच बाटल्या असतात. मी कोथरूडमध्ये हेच काम करते. नवीन आलेल्या मुलींना तयार करणंही आता माझ्याकडेच असतं. त्यांना पहिल्या आठवड्यात जे सांगते, ते इथे लिहून ठेवते आहे.

नावं पाठ करायच्या मागे लागू नका. प्रत्येक मटेरियलबद्दल आधी दोन गोष्टी विचारा: याला पाणी चालतं का, आणि कालवल्यापासून हातात वेळ किती? भरण निघून आलं, कडेने काळं पडलं किंवा पेशंट ठणका लागतो म्हणून परत आला, तर बऱ्याचदा कारण या दोन प्रश्नांत सापडतं. काहींना पाण्याचा थेंब खपत नाही, एकाला पाणी कमीही नको आणि जास्तही नको, आणि एक तर असं आहे की थुंकी लागल्याशिवाय घट्टच होत नाही.

एक मर्यादा आधीच सांगते. कालवणं, हातात देणं, सक्शन (लाळ-पाणी ओढणारी नळी) धरणं, वेळ मोजणं हे आपलं काम. तोंडात मटेरियल घालणं हे डॉक्टरांचं. गर्दीच्या संध्याकाळी कोणी "तूच भर गं तेवढं" म्हणालं तरी नम्रपणे नाही म्हणा.

१. कामावर जाण्याआधी

कागदपत्रं फार लागत नाहीत: आधार कार्ड, शेवटच्या परीक्षेची मार्कशीट, बँक पासबुकची झेरॉक्स, दोन फोटो. खरं महत्त्वाचं कागद म्हणजे हिपॅटायटिस बीच्या लसीचं कार्ड. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. दवाखान्याने विचारलं नाही तरी घ्या. रक्त आणि सुया रोज हाताळायच्या आहेत. रबरी हातमोज्यांनी हाताला पुरळ येत असेल तर तेही पहिल्या दिवशीच सांगा.

हाताशी ही साधनं कुठे आहेत ते बघून ठेवा:

- काचेची जाड पाटी आणि कागदी मिक्सिंग पॅड
- कालवायचे चपटे स्पॅच्युला: एक स्टीलचा आणि एक प्लास्टिकचा किंवा अगेटचा (अकीक दगडाचा), दोन्ही वेगवेगळे
- मॅट्रिक्स बँड (भरताना दाताभोवती लावायची पातळ पट्टी), तिचा होल्डर, वेजेस (दातांच्या फटीत घालायच्या पाचरी), पारदर्शक मायलर पट्ट्या
- लाइट क्युअरचं यंत्र (निळ्या उजेडाने भरण घट्ट करणारं) आणि नारिंगी चष्मा किंवा ढाल
- कॉटन रोल, सक्शन टिप, रबर डॅमचा (दात कोरडा, वेगळा ठेवणाऱ्या रबरी पडद्याचा) सेट
- चावा तपासायचा निळा किंवा लाल कागद
- सेकंदाचा काटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ. मोबाइल नको, मोजे घालून हात लावता येत नाही.

२. कपाट समजून घ्या

पावडर आणि लिक्विडची जोडी एका डब्यातलीच वापरायची. एका कंपनीची पावडर आणि दुसऱ्याचं लिक्विड, "काय फरक पडतो" म्हणून चालत नाही. मोजायचा छोटा चमचाही त्याच डब्यातला हवा, कारण प्रत्येक कंपनीचा चमचा वेगळ्या मापाचा असतो. डब्याच्या झाकणात तो हरवू देऊ नका.

पुण्याच्या पावसाळ्यात हवा दमट असते आणि झाकण अर्धवट लागलेली पावडर गुठळ्या धरते. गुठळ्या झालेली पावडर चुरून वापरू नका, डॉक्टरांना दाखवा. उन्हाळ्यात उलटा त्रास. एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे गेला आणि एसी बंद असला की सगळं सिमेंट नेहमीपेक्षा लवकर आवळतं. डब्यावर लिहिलेला वेळ साधारण २३ अंशांचा असतो, हे लक्षात ठेवा.

एक्स्पायरी जवळ आलेला माल पुढे, नवा मागे. कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) आणि बाँड (ते दाताला चिकटवणारं लिक्विड) फ्रिजमध्ये ठेवायचे की बाहेर, ते डब्यावर वाचा. फ्रिजमधला असेल तर पेशंट यायच्या आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गार कॉम्पोझिट कडक असतं, नीट दाबलं जात नाही.

३. तात्पुरतं भरण

झिंक ऑक्साइडची पांढरी पावडर आणि युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दाताच्या दवाखान्याचा म्हणून जो वास असतो तो याचाच. ठणकणारी दाढ शांत करायला हे चांगलं. काचेच्या पाटीवर स्टीलच्या स्पॅच्युलाने कालवायचं; आधी निम्मी पावडर लिक्विडमध्ये घोटायची, मग थोडी थोडी वाढवत न्यायची. दाढ भरायला भाकरीच्या उंड्यासारखा घट्ट, हाताला न चिकटणारा गोळा हवा. पाण्याने आणि उष्णतेने हे पटकन घट्ट होतं, त्यामुळे पाटी ओली नको.

मोठा सापळा असा: युजेनॉल कॉम्पोझिटला नीट घट्ट होऊ देत नाही. त्याच बैठकीत वर कॉम्पोझिट भरायचं असेल तर हे खाली चालत नाही. डॉक्टरांनी कॉम्पोझिट म्हटलेलं असताना तुमच्या हातात लवंगेच्या वासाची पाटी असेल, तर एकदा विचारून घ्या.

दुसरं तात्पुरतं भरण डबीतून तयार मिळतं, कालवावं लागत नाही. रूट कॅनालच्या दोन बैठकींच्या मध्ये दाढ बंद ठेवायला हेच जास्त वापरतात. लाळेच्या ओलाव्याने ते घट्ट होतं. म्हणूनच डबीचं झाकण उघडं राहिलं की आतला माल डबीतच वाळतो. हवा तेवढा तुकडा कोरड्या साधनाने काढा आणि झाकण लगेच लावा.

४. जीआयसी: इथे हात बसला की निम्मं काम आलं

ग्लास आयोनोमर सिमेंट. एका विशिष्ट काचेची बारीक पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते पुढे आणलं. दाताला ते रासायनिक रीतीने स्वतःहून चिकटतं, आणि भरल्यानंतरही फ्लोराइड सोडत राहतं. लहान मुलांच्या दुधाच्या दाढा, हिरडीलगत झिजलेले दात, म्हाताऱ्या माणसांच्या मुळांवरची कीड, अशा ठिकाणी म्हणून हेच. ठिसूळ असल्यामुळे मोठ्यांच्या चावायच्या दाढेत मोठ्या खड्ड्याला एकट्याने टिकत नाही.

टाइप एक कॅप चिकटवायला, पातळ. टाइप दोन भरायला. टाइप नऊ दाढेत भरायला, जास्त घट्ट आणि मजबूत. डब्यावर आकडा मोठा असतो, तो बघूनच उचला.

कालवायची रीत:

पावडरची बाटली उघडण्याआधी हलवा. चमचा भरा, कडेच्या पट्टीने सपाट करा, दाबून भरू नका. लिक्विडची बाटली आडवी नको, सरळ उलटी धरा. पहिल्या थेंबात हवेचा बुडबुडा असला तर तो पुसून टाका, दुसरा घ्या. लिक्विड पॅडवर आधीच काढून ठेवायचं नाही, त्यातलं पाणी उडतं आणि मिश्रण बिघडतं. डॉक्टर "दे" म्हणाले की मगच थेंब टाका.

स्पॅच्युला प्लास्टिकचा किंवा अगेटचा. स्टीलचा घेतला तर काचेची पूड त्याला घासते आणि पांढऱ्या सिमेंटमध्ये करडी झाक येते. पावडरचे दोन भाग करा. पहिला भाग लिक्विडमध्ये ओढून घ्या, मग दुसरा. कालवताना पूर्ण पॅडभर पसरवायचं नाही. थोड्याच जागेत, घडी घातल्यासारखं दुमडत जायचं. सगळं मिळून तीसएक सेकंदांत झालं पाहिजे. एकही कोरडा कण राहू नये.

आता त्याच्याकडे नीट बघा. वरून चकाकी दिसते ना? ती चकाकी म्हणजे दाताला चिकटायला आम्ल अजून शिल्लक आहे. चकाकी जाऊन ते मंद दिसायला लागलं, स्पॅच्युलाने ओढल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तुटके धागे यायला लागले, तर ते डॉक्टरांना देऊ नका. दुसरं कालवा. एक चमचा पावडर वाया गेली म्हणून कोणी ओरडलं तर ओरडू दे. मंद पडलेलं जीआयसी खड्ड्यात बसतं, पण चिकटत नाही, आणि काही महिन्यांत अख्खा तुकडा पेशंटच्या हातात येतो.

पाण्याचं गणित इथे नाजूक आहे. दात ठणठणीत कोरडा नको, ओलाही नको, नुसता दमट. भरल्यावर पहिल्या काही मिनिटांत लाळ लागली तर वरचा थर विरघळतो आणि खडबडीत राहतो. आणि नुसतं हवेत उघडं ठेवलं तर पाणी उडून बारीक तडे जातात. म्हणून भरून झालं की वरून वार्निश किंवा व्हॅसलीन. ती डबी तुमच्या हातात आधीच उघडी हवी. डॉक्टरांना दोनदा मागायला लावू नका.

५. कॉम्पोझिट: सगळा खेळ कोरडं ठेवण्याचा

दाताच्या रंगाचं, निळ्या उजेडाने घट्ट होणारं. रेझिनमध्ये काचेचे अतिशय बारीक कण. आजही बऱ्याच कॉम्पोझिटमध्ये असणारं बिस-जीएमए रेझिन अमेरिकेतल्या रफाएल बोवेन यांचं; त्याचं पेटंट १९६२ चं. त्याआधी १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं होतं की दाताचं कवच आम्लाने खरवडलं तर रेझिन त्याला धरून राहतं. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक आम्ल लावत, त्यावरून त्यांना ते सुचलं. आपण सिरिंजमधून जी निळी जेल देतो, ती तीच.

क्रम पाठ करा, कारण प्रत्येक वस्तू मागितली जाण्याआधी ट्रेमध्ये हवी.

*रंग ठरवणं.* सगळ्यात आधी. रबर डॅम लावल्यावर दात वाळतो आणि आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. शेड गाइड (दातांच्या रंगांचे नमुने) खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात. पेशंटने गडद लिपस्टिक लावली असेल तर पुसायला सांगा.

*दात वेगळा करणं.* रबर डॅम उत्तम. तो नसेल तर कॉटन रोल आणि तुमचं सक्शन. कॉटन रोल भिजला की लगेच बदला. जिभेच्या बाजूचा आधी भिजतो.

*निळी जेल.* ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल, साधारण १५ सेकंद. तुम्ही घड्याळाकडे बघून मोठ्याने मोजा. पेशंटच्या डोळ्यांवर चष्मा हवाच. मग भरपूर पाण्याने धुणं. तुमचं सक्शन या वेळी दाताच्या अगदी जवळ, म्हणजे आम्ल घशाकडे जाणार नाही.

*वाळवणं.* इथे एक सापळा आहे जो कोणी सांगत नाही. थ्री-वे सिरिंजचं (हवा आणि पाणी सोडणाऱ्या नळीचं) हवेचं बटण दाबल्यावर कधी कधी हवेबरोबर पाण्याचे किंवा कंप्रेसरच्या तेलाचे थेंब येतात. डॉक्टरांच्या हातात देण्याआधी आरशावर एकदा फुंकून बघा. आरशावर थेंब उमटले तर हवा खराब आहे. कंप्रेसरचं पाणी काढायचा कॉक रोज सकाळी उघडायचा असतो. ते कोणाचं काम आहे हे ठरलेलं नसेल तर समजा तुमचंच आहे. आम्ल लावलेलं कवच वाळल्यावर चकाकी जाऊन पांढरट दिसतं. त्यावर लाळेचा थेंब पडला तर "चालेल" असं नसतं. डॉक्टरांचं लक्ष नसेल आणि तुम्ही पाहिलं असेल, तर सांगा. ते पुन्हा आम्ल लावतील. पंधरा सेकंदांचा प्रश्न आहे.

*बाँड.* आधी काढून ठेवू नका. त्यातलं अल्कोहोल किंवा ॲसिटोन उडून जातं. एक थेंब, आणि झाकण बंद. उघडी राहिलेली बाँडची बाटली म्हणजे दवाखान्यातला सगळ्यात महाग निष्काळजीपणा.

*भरणं.* कॉम्पोझिट घट्ट होताना किंचित आकसतं, साधारण दोन-तीन टक्के. म्हणून थर दोन मिलिमीटरचा, प्रत्येक थराला उजेड. बल्क फिल (जाड थरात भरायचं कॉम्पोझिट) असेल तर चार मिलिमीटरपर्यंत चालतं. सिरिंजमधून काढलेला माल खुर्चीच्या दिव्याखाली उघडा ठेवला तर तो पॅडवरच घट्ट व्हायला लागतो; नारिंगी किंवा काळं झाकण घाला. सिमेंटसाठी वापरलेलं साधन कॉम्पोझिटला नको.

*उजेड.* साधारण ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड. टोक दाताच्या जितकं जवळ तितकं चांगलं, हात हलता कामा नये. तुम्ही धरत असाल तर नारिंगी ढालीतूनच बघा, नुसत्या डोळ्यांनी नाही. नजर दुसरीकडे वळवून अंदाजाने धरलं की टोक सरकतं आणि खालचा थर कच्चा राहतो. वरून तो पक्का वाटतो, हीच पंचाईत. यंत्राच्या टोकाला वाळलेलं कॉम्पोझिट चिकटलेलं आहे का ते रोज बघा, आणि बॅटरी चार्ज आहे का तेही. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज किंवा पाणी बंद असल्याची सूचना पेपरात येते. ती आदल्या दिवशी वाचून चार्जिंग आणि पाण्याची बाटली भरून ठेवायची.

शेवटी चावा तपासायचा कागद, मग घासायच्या डिस्क, जाड कणांकडून बारीक कणांकडे. ट्रेमध्ये त्याच क्रमाने लावा.

६. खोल खड्ड्याच्या तळाशी

कीड दाताच्या नसेजवळ पोचली असेल तर तळाशी कॅल्शियम हायड्रॉक्साइड. दोन ट्यूब, दोन्हींचे अगदी छोटे, सारखे ठिपके; दहा सेकंदांत कालवून गोल टोकाच्या साधनावर. नवीन मुली नेहमी चौपट काढतात. मोहरीएवढं पुरतं. हल्ली याच कामाला एमटीए नावाचं सिमेंट आणि त्याच्या पुढची महाग सिमेंट्सही वापरतात. ती डॉक्टर स्वतः सांगतील तशीच कालवा, अंदाज नको.

७. चांदी

पेशंट "चांदी भरा" म्हणतात, पण त्या भरणात जवळपास निम्मं वजन पाऱ्याचं असतं. बाकी चांदी, कथील, तांबं. दाबाला पक्कं, वर्षानुवर्षं टिकणारं. दिसायला काळपट, आणि स्वतःहून चिकटत नाही म्हणून खड्डा मुद्दाम अडकेल असा कोरावा लागतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार २०१३ चा. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं, मोजके अपवाद सोडून, बंद झालं आहे. आमच्याकडे नवीन भरणं आता होत नाहीत, पण जुनी काढली जातात, आणि तुमच्या दवाखान्यात चांदीच्या (आत पावडर आणि पारा असलेल्या) कॅप्सूल असतील तर एवढं माहीत हवं:

कॅप्सूल यंत्रात ठरलेले सेकंदच फिरवायची. चांगलं मिश्रण चकचकीत आणि एकसंध असतं. भुसभुशीत, मंद दिसलं तर कमी फिरलंय. हाताने चोळायचं नाही. यालाही ओलावा नको: जस्त असलेल्या चांदीत भरताना पाणी गेलं तर आत हायड्रोजन तयार होऊन भरण काही दिवसांनी फुगतं आणि दाढ ठणकते. उरलेले तुकडे घट्ट झाकणाच्या बरणीत. बेसिनमध्ये नाही, दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत नाही, कारण ती जाळायला जाते. पारा सांडला तर झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. खिडक्या उघडा, मोजे घाला, थेंब कागदाने एकत्र करून चिकटपट्टीने उचला आणि बंद बरणीत टाका.

८. कॅपचं माप आणि कॅप चिकटवणं

अल्जिनेटचं (पाण्यात कालवायच्या मापाच्या पावडरचं) माप घेतल्यावर ते नुसतं ठेवलं तर वाळून आकसतं, पाण्यात ठेवलं तर फुगतं. ओल्या टिश्यूत गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर ओतायला द्या. उन्हाळ्यात कालवायला गार पाणी घ्या, थोडा वेळ जास्त मिळतो.

माप घ्यायची सिलिकॉन पुट्टी कालवताना रबरी हातमोजे काढा. त्यांतल्या गंधकामुळे पुट्टी घट्टच होत नाही, आणि मग डॉक्टर डब्यावर, कंपनीवर, डीलरवर चिडत बसतात. व्हिनाइलचे मोजे वापरा, नाहीतर स्वच्छ धुतलेले हात.

कॅप धातूची, धातूवर सिरॅमिक चढवलेली किंवा झिर्कोनियाची असते. धातूवाल्या कॅपला हिरडीपाशी पुढे करडी रेघ दिसू शकते, आणि धातूत निकेल असेल तर काहींना ॲलर्जी होते. नकली दागिन्यांनी कान पिकतो असं पेशंट बोलता बोलता म्हणाला तर डॉक्टरांच्या कानावर घाला. चिकटवायला टाइप एक जीआयसी, किंवा जुन्या पद्धतीचे डॉक्टर असतील तर झिंक फॉस्फेट सिमेंट. झिंक फॉस्फेट कालवताना गरम होतं, म्हणून पाटी गार हवी, पण दव धरलेली नको. पावडर थोडी थोडी, मोठ्या जागेवर पसरवत, दीडएक मिनिट. म्हणजे जीआयसीच्या बरोबर उलट. दोन्हींची रीत एकमेकांत मिसळू देऊ नका.

९. पेशंट उठताना

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळलेले असतात, त्यामुळे हे सांगणं तुमच्यावर येतं. बधिरता उतरेपर्यंत काही खायचं नाही, मग भरण कुठलंही असो. मुलं तर ओठ चावून जखम करून घेतात. जीआयसीनंतर तासभर काही नको आणि त्या दिवशी चिक्की, बाकरवडी त्या बाजूने नको. चांदी पुरती घट्ट व्हायला २४ तास लागतात, तोवर दुसऱ्या बाजूने चावायचं. कॉम्पोझिट लगेच पक्कं असतं. पण थोडे दिवस गार लागलं तर घाबरू नका म्हणून सांगा, आणि चावताना उंच लागत असेल तर सहन करत न बसता लगेच या म्हणावं. तात्पुरत्या भरणाने पहिला तासभर चावायचं नाही.

तात्पुरतं भरण घेतलेल्या पेशंटला पुढची तारीख लिहून दिल्याशिवाय सोडू नका. दुखायचं थांबलं की लोक येत नाहीत, आणि ते भरण एक-दोन आठवडेच धरतं. रजिस्टरमध्ये अशी नावं वेगळ्या पानावर लिहा, मोबाइल नंबर तिथेच पुन्हा विचारून घ्या, आणि दुपारी एक ते चार दवाखाना बंद असायच्या आधी त्या पानावरचे फोन लावून टाका.